ट्रेल कॅमेरा : सीवूड्सच्या कुंपणावर चार महिने वापरून

ट्रेल कॅमेरा म्हणजे खांबाला बांधून ठेवायचा, समोरून जनावर गेलं की आपोआप चालू होणारा कॅमेरा. याची किंमत मला ₹६,९०० पडली. त्यात मेमरी कार्ड येत नाही, सेलही येत नाहीत. ३२ जीबीचं कार्ड, चार्जिंगच्या सेलचे दोन संच आणि चार्जर धरला तर हिशेब दहा हजारांच्या आसपास जातो. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच डबा, हीच बटणं आणि आतला हाच मेनू ऑनलाइन चार-पाच वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. मी दोन मागवून शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि एक परत केला. वरचा स्टिकर आणि रात्रीचे दिवे सोडले तर काडीचा फरक नव्हता. तेव्हा खाली जे लिहितोय ते या किमतीच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू पडेल.

घेण्याआधी जेवढे अभिप्राय वाचले ते सगळे फार्महाऊसवाल्यांचे, नाहीतर बिबट्याचा फोटो मिळावा म्हणून घेणाऱ्यांचे होते. रानातल्या जनावराची तब्येत बघायला हा कॅमेरा कितपत कामाचा, हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही. मी तो त्यासाठीच घेतला, म्हणून जरा लांबण लावतो.

मी जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागात पशुधन पर्यवेक्षक होतो. शहापूर, मुरबाड, मध्ये काही वर्षं मोखाडा अशी चौतीस वर्षं गेली. २०१८ साली निवृत्त झालो आणि मुलाकडे नवी मुंबईत, सीवूड्सला राहायला आलो. आमच्या सोसायटीची मागची भिंत खाडीच्या अंगाला आहे. भिंतीपलीकडे तिवरं, म्हणजे खारफुटी. पावसाचं पाणी जायला भिंतीच्या तळाशी एक चौकोनी भोक आहे, त्यातून रात्री काय काय ये-जा करतं ते इथे राहायला आल्यापासून ऐकत होतो. कोल्हेकुई तर सहाव्या मजल्यावरही ऐकू येते. गेल्या दिवाळीनंतर रात्रपाळीच्या वॉचमनने सांगितलं, “काका, पंपरूमच्या मागे कोल्हा आलेला. शेपूट बघितली का त्याची? उंदरासारखी झालीय.” शेपटीचे केस गेले म्हणजे पहिली शंका लुतीची, कातडीच्या रोगाची. ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात कॅमेरा मागवला.

एवढ्या एका वाक्यावर एवढा खर्च का, तर त्याचं कारण जुनं आहे. नव्वदच्या दशकात मुरबाडकडच्या गावांत मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की दुपारपर्यंत त्याचा सांगाडा उरायचा. पन्नास-पन्नास गिधाडं उतरायची. त्या काळात डायक्लोफिनॅक हे दुखण्या-सुजेवरचं औषध गुरांसाठी आलं. ताप, लंगडणं, कासेची दगडी, कशालाही आम्ही ते टोचायचो. स्वस्त होतं, गुणही पटकन यायचा, सकाळी उठलेली गाय बघून शेतकरी पाया पडायचा. मग गिधाडं कमी होत गेली. एका वर्षी गावाबाहेरच्या सावरीवर चार-पाच गिधाडं मान खाली टाकून बसलेली मी स्वतः पाहिली, दोन फेऱ्यांना तीच, तशीच. मान टाकलेलं जनावर आजारी असतं हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण ते कुणाला कळवायचं असतं, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. २००४ साली पाकिस्तानातल्या गिधाडांवरच्या संशोधनातून कळलं की औषध दिलेलं ढोर मेलं आणि ते खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, आतल्या अवयवांवर युरिक ॲसिडचा पांढरा थर बसतो. भारतात २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद झालं आणि आम्ही मेलॉक्सिकॅम या दुसऱ्या औषधावर आलो. तोवर आपल्या देशातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत हजारातलं एखादंच उरलं होतं. मी किती सुया टोचल्या त्याची नोंद रजिस्टरमध्ये असेल. गिधाडांच्या तब्येतीचं रजिस्टर आमच्या तालुक्यात कुणी ठेवलेलं नव्हतं.

आता कॅमेरा.

आमच्या कामात थर्मामीटर पिशवीतून निघायच्या आधीच निम्मं निदान झालेलं असायचं. जनावर कळपापासून बाजूला उभं आहे का, कान पडलेत का, नाकाडावर दव आहे की ते कोरडं पडलंय, डाव्या कुशीची भुकेची खळी खोल गेलीय का, रवंथ करतंय का, शेण कसं टाकलंय. हे सगळं दुरून दिसतं, फक्त जनावराला आपली चाहूल लागता कामा नये. आजारी जनावरसुद्धा माणूस दिसला की चार पावलं नीट चालून दाखवतं. कोल्ह्याच्या बाबतीत तर त्याच्या जवळ जायचा प्रश्नच नाही. म्हणून माझी कॅमेऱ्याकडून अपेक्षा एकच होती : मी तिथे नसताना जनावर जसं असतं, तसं मला दिसावं.

त्या कसोटीवर पहिली बघायची गोष्ट म्हणजे रात्रीचा प्रकाश. यात दोन प्रकार मिळतात. ८५० नॅनोमीटरच्या दिव्यांचा उजेड लांब जातो, पण कॅमेरा चालू झाला की बारीक लाल ठिपके दिसतात. ९४० चे दिवे दिसत नाहीत, उजेड मात्र कमी पडतो. मी परत केलेला ८५० चा होता. त्याच्या पहिल्या तीन रात्रींत एकही जनावर सरळ चालताना दिसलं नाही, प्रत्येक जण थबकून कॅमेऱ्याकडेच बघत होता. थबकलेल्या जनावराची चाल काय कळणार? ९४० वाला ठेवला. त्यात आठ-नऊ मीटरच्या पुढचं अंधुक दिसतं, पण आमच्या भिंतीच्या भोकापासून कॅमेरा चार मीटरवर आहे, तेवढ्याला तो पुरून उरतो.

दुसरं, फोटोवर ठेवू नका, व्हिडिओवर ठेवा. डब्यावर ३६ मेगापिक्सेल छापलंय, तो आकडा फुगवलेला आहे. ८ वर ठेवून काढलेल्या फोटोतही तेवढंच दिसतं. आणि कितीही चांगला असला तरी फोटोत जनावर लंगडतंय का, मान हलतेय का, दर चार पावलांना बसून खाजवतंय का, हे कळत नाही. मी २० सेकंदांच्या क्लिपवर ठेवलाय, दोन क्लिपांमध्ये पाच सेकंदांचं अंतर. आवाजही येतो. एका क्लिपमध्ये कोल्हा चौकटीबाहेर आहे, दिसत काहीच नाही, पण कान फडफडवल्याचा आवाज सलग येतोय. कानात काहीतरी खुपतंय हे मला तिथे पहिल्यांदा कळलं.

सेन्सर उष्णतेवर चालतो, हालचाल आणि भोवतालाशी तापमानाचा फरक असं दोन्ही लागतं. त्यामुळे भोकातून चिंबोरी आरामात फिरते आणि कॅमेऱ्याला पत्ता नसतो, कारण तिचं अंग भोवतालाइतकंच थंड. मुंगूस, मांजर, घूस, कोल्हा, माणूस यांना तो लगेच टिपतो. जागा होऊन चित्रीकरण सुरू व्हायला अर्धा सेकंद लागतो असं डब्यावर लिहिलंय, व्हिडिओच्या वेळी मला तो सेकंदाच्या वर वाटला. पळत गेलेल्या जनावराची नुसती शेपूट हाती लागते. मार्चमध्ये दुपारी भिंत तापली की सेन्सर जवळपास आंधळा होतो. मी बारा वाजता स्वतः समोरून चालून पाहिलं, पाच वेळांत दोनदाच जागा झाला. रात्रीच्या कामाला अडचण नाही, पण दिवसा ऊन्हात फिरणाऱ्या जनावरावर नजर ठेवायची असेल तर याच्या भरवशावर राहू नका.

खाडीच्या हवेचं वेगळं सांगायला हवं. पंधरा दिवसांत सेलच्या स्प्रिंगांवर हिरवट बुरशीसारखा थर आला. आता दर आठवड्याला कोरड्या ब्रशने घासतो आणि आत सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवतो. दाराचं रबर काळजीपूर्वक बघा, त्यात वाळूचा एक कण अडकला तरी आत ओल शिरते. काळ्या मुंग्यांनी एकदा सेलच्या खणात घर केलं होतं. पट्ट्याला व्हॅसलीन लावल्यापासून येत नाहीत. दाराची खिट्टी दुसऱ्या महिन्यात तुटली. विक्रेत्याने “ओल गेली आहे, वॉरंटीत बसत नाही” असं उत्तर दिलं. खिट्टीचा आणि ओलीचा संबंध काय, हे तीनदा विचारलं, शेवटी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून बांधलं. ते अजून टिकून आहे.

सेल आठ लागतात. साधे अल्कलाइन सेल दहा दिवसांनी रात्रीचा प्रकाश मंद करतात. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असल्यामुळे कॅमेरा पहिल्या दिवसापासून अर्धी बॅटरी दाखवतो, त्याला घाबरू नका, सोळा-सतरा दिवस नीट चालतात.

बसवताना दोन गोष्टी पाळा. उंची गुडघ्याएवढी ठेवा. लोक छातीएवढ्या उंचीवर बांधतात, मग कोल्ह्याची नुसती पाठ दिसते. पोट, कोपर, पाय काही दिसत नाही, आणि आजार तर तिथेच आधी दिसतो. आणि तोंड उत्तरेकडे करा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं ऊन भिंगावर येत नाही.

कुठे बसवायचा, याबद्दलही. भिंतीपलीकडची तिवरं म्हणजे संरक्षित कांदळवन, तिथे परवानगीशिवाय काही बांधायला जाऊ नये. मी आमच्या हद्दीत, आमच्याच पंपरूमच्या खांबाला बांधला आणि त्याआधी कमिटीला अर्ज दिला. मीटिंगमध्ये दोन बायकांनी विचारलं की आम्ही सकाळी तिथून चालायला जातो, आमचं चित्रीकरण होणार का. प्रश्न अगदी रास्त होता. मग कोन असा लावला की वाट चौकटीत येतच नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा एवढ्याच वेळात तो चालू राहतो. ही वेळ लावायची सोय मेनूत आहे, शोधायला अर्धा तास लागला. पुढे एका कारणाने सकाळची वेळ आठपर्यंत वाढवली, ती कमिटीला पुन्हा विचारूनच.

पहिल्या आठवड्यात मी स्वतःच फसलो. क्लिपमध्ये एकामागून एक तीन कोल्हे, तिघांच्या शेपट्या दोरीसारख्या. म्हटलं, सगळा कळपच गेला. मग वेळ आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून बघितलं. उधाणाची भरती होती, तिवरांत पाणी भरलेलं, तिघेही पोहून-चिखलातून आलेले. भिजलेली शेपूट आणि लूत लागलेली शेपूट रात्रीच्या काळ्या-पांढऱ्या चित्रात सारखीच दिसते. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या दिवसांत कोरड्या अंगाने आले तेव्हा दोघांच्या शेपट्या छान झुपकेदार निघाल्या. एकाची नाही. एका क्लिपवरून कुठल्याही जनावराला आजारी ठरवू नका, निदान तीन वेगवेगळ्या रात्री बघा.

नातीला त्यांना नावं ठेवायची होती. मी म्हटलं, गुरांच्या कानात बिल्ला असतो तसे आपण नंबर देऊ. एक नंबर, डाव्या कानाला खाच. दोन नंबर, शेपूट उघडी. तीन नंबर, वर्षाच्या आतलं, पाय लांब आणि अंग लहान. ती सहावीत आहे, वही तिने आखली : तारीख, वेळ, भरती की ओहोटी, कोण, चाल, पोट, शेपूट, आणि २० सेकंदांत किती वेळा खाजवलं. डिसेंबरात दोन नंबरच्या रकान्यात सहा, सात, नऊ असे आकडे आहेत. एक नंबरचा आकडा तोवर शून्य.

लुतीचा किडा, सार्कोप्टिस, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. कातडीत बोगदे करून राहतो, तिथेच अंडी घालतो. कानाच्या कडा, कोपरं, मागच्या पायाचे घोटे, शेपटीचं मूळ इथून सुरुवात होते. केस जातात, कातडी जाड होऊन खपल्या धरतात, जनावराचं खाण्या-झोपण्यातलं लक्ष उडतं आणि ते खंगत जातं. रात्रीच्या क्लिपमध्ये कातडीचा लालपणा कळत नाही. पण केसाळ भाग दाणेदार, पांढुरका दिसतो आणि उघडी कातडी सपाट, काळपट दिसते. दोन नंबरची कोपरं आणि मांड्या तशा दिसत होत्या. माझं हे नजरेचं निदान आहे, एवढं लक्षात ठेवा. पक्कं निदान कातडीचा खरवडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली किडा दिसला तरच होतं. ते काम कॅमेरा करत नाही.

पण कॅमेऱ्याने एक गोष्ट अशी दाखवली की ती मला एरवी कळलीच नसती. भिंतीच्या आतल्या बाजूला, पंपरूमच्या कोपऱ्यात, ओल्या कचऱ्याचे डबे उघडे असायचे. रविवारी रात्री त्यांत कोंबडीची हाडं, माशांची डोकी. साडेअकराला सोसायटीच्या आवारातली कुत्री यायची, ओढून खायची, तिथेच अंग घासायची. पावणेतीनला त्याच जागी कोल्हे. कुत्र्यांपैकी दोघांना लूत होती, दिवसाही दिसत होती, आम्ही सगळे रोज त्यांच्या बाजूने जात होतो. कोण कुणाकडून घेऊन गेलं ते सांगता यायचं नाही, पण कुत्र्यांचं आणि कोल्ह्यांचं ताट एकच होतं.

नुसती लूत असती तरी एक वेळ ठीक. कुत्र्यांकडून कोल्ह्याला आणि कोल्ह्याकडून कुत्र्यांना जाणारे आणखी दोन रोग आहेत, रेबीज आणि डिस्टेंपर. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये गीरला एका भागात वीसच्या वर सिंह मेले, त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आफ्रिकेत सेरेंगेटीला १९९४ साली याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले. सिंहाला होतो तो कोल्ह्याला होतोच. आणि २०२४ च्या अखेरीला खाडीपलीकडे, चेंबूर-ट्रॉम्बेच्या बाजूला सापडलेल्या कोल्ह्यांत रेबीज निघाल्याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. नोकरीत बुळकांडीची लस टोचत मी गावोगाव फिरलोय. तो रोग गुरांबरोबर रानातल्या गव्यांनाही मारायचा. गुरांना लशी देऊन देऊन तो २०११ साली जगातून गेल्याचं जाहीर झालं. रानातल्या प्रत्येक जनावराला कुणी सुई टोचायला गेलं नव्हतं. पाळीव बाजूने रोग तोडला, रान आपोआप सुटलं. आमच्या भिंतीलाही तोच उपाय होता.

मी १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर फोन केला, क्लिपा पाठवल्या. दुसऱ्या दिवशी दोन कर्मचारी आले, शांतपणे वही पाहिली, भोक पाहिलं. चालणारं, खाणारं जनावर पिंजरा लावून धरलं तर धसक्यानेच जास्त बिघडतं, कळपातून तुटतं, असं त्यांनी समजावलं. पडून राहिलं, चालेनासं झालं तर लगेच कळवा, तोवर दर आठवड्याला क्लिप पाठवा. मला ते पटलं. आमच्याकडेही उभ्या जनावराला उगाच आडवं पाडत नसत.

सोसायटीतल्या एका सद्गृहस्थांनी मात्र वेगळाच बेत मांडला. आयव्हरमेक्टिन हे किड्यावरचं औषध चिकनमध्ये घालून भोकाजवळ ठेवू, कोल्हा खाईल, बरा होईल. त्यांच्या मनात कळवळा होता, शंका नाही. मी त्यांना घरी बोलावून आदल्या आठवड्याच्या क्लिपा दाखवल्या. त्या जागी एका रात्रीत चार मांजरं, एक मुंगूस, दोन घुशी, पाच कुत्री आणि तीन कोल्हे येऊन गेले होते. तुकडा कोण खाणार? डोस कुणाच्या वजनाचा धरायचा? कोलीसारख्या काही जातीच्या कुत्र्यांना त्या औषधाने झटके येतात. शिवाय जंगली जनावरावर परस्पर औषधोपचार करायचा आपल्याला अधिकार नाही. एक औषध चांगल्या मनाने, भराभर देऊन काय झालं ते मी त्यांना सांगितलं. त्यानंतर तेच गृहस्थ वर्गणी गोळा करायला माझ्याबरोबर दारोदार फिरले.

वर्गणीतून झाकणाचे, खिट्टीचे डबे आले. सात कुत्र्यांना रेबीजची लस दिली. लूत असलेल्या दोघांचा खरवडा डॉक्टरांनी तपासला, किडा निघाला, औषध सुरू झालं. कुत्र्यांना जेवण घालणाऱ्या ताईंनी जागा बदलून पुढच्या गेटजवळ नेली आणि संध्याकाळी सातनंतर काही शिल्लक ठेवायचं नाही असं ठरवलं. डबे बंद झाल्यावर पहिले पंधरा दिवस कोल्हे येऊन हुंगून जायचे. मग येणं कमी झालं. २२ जानेवारीच्या क्लिपमध्ये एक नंबर भोकातून तोंडात चिंबोरी धरून उभा आहे, तिचा एक डेंगा त्याच्या मिशांपाशी हलतोय. नातीने ती क्लिप अकरा वेळा पाहिली. चिंबोऱ्या, मासे, उंदीर, पडलेली फळं, हे त्याचं खाणं, आणि ते भिंतीपलीकडे आहे.

दोन नंबरचं सांगतो. ९ फेब्रुवारीला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, उजेडात, तो भिंतीच्या कडेला वीस मिनिटं पडून होता. सकाळची वेळ मी वाढवली होती ती त्याच्यासाठीच. तो उशिरा-उशिरा जाताना दिसू लागला होता. बरगड्या मोजता येत होत्या. आवारात घबराट झाली, रेबीज झालाय म्हणून काठ्या निघाल्या. मी आणि वॉचमन मध्ये उभे राहिलो. लूत झालेलं जनावर अंगावर केस नसल्यामुळे थंडीत ऊन शोधतं, भुकेने अवेळी बाहेर पडतं, दिवसा दिसलं म्हणजे पिसाळलेलं नव्हे. पण नव्हेच असंही दुरून ठरवता येत नाही. लाळ, तोल जाणं, कशावरही चावा घेणं, माणसाची भीती न राहणं, यांतलं काही त्या क्लिपमध्ये नव्हतं, तरी मी कुणालाही पन्नास फुटांच्या आत जाऊ दिलं नाही. चुकून चावला, ओरखडला तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि तडक इंजेक्शनला जायचं, हे मुलांना पुन्हा सांगितलं. वनखात्याची माणसं पाऊण तासात पोचली, तोवर तो उठून भोकातून तिवरांत गेला होता. त्यांनी ओहोटी लागेपर्यंत शोधलं. त्यानंतर तो माझ्या वहीत नाही.

एक नंबरच्या कोपरावर जानेवारीच्या मध्याला रुपयाएवढा काळपट ठिपका दिसला होता. खाजवण्याचा आकडा शून्यावरून चारवर गेला. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. फेब्रुवारीत ठिपका तेवढाच राहिला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात कोपर पुन्हा दाणेदार दिसायला लागलं, आकडा एकवर आला. कुत्र्यांची लूत हटली म्हणून, की त्याच्या अंगातच ताकद होती म्हणून, हे मला सिद्ध करता येणार नाही. तीन नंबर धडधाकट आहे, अंगाने भरलाय.

तर कॅमेरा घ्यावा का? रीलसाठी फोटो हवे असतील तर या किमतीत निराशा होईल, रंग फिके येतात. बाल्कनीतून फ्लेमिंगो बघायचे असतील तर दुर्बीण घ्या, हा त्या कामाचा नाही. तुमची सोसायटी येऊरच्या पायथ्याशी, पारसिकच्या डोंगरालगत किंवा आमच्यासारखी खाडीकाठी असेल, आणि दर रविवारी तासभर बसून क्लिपा बघायची, वहीत उतरवायची तुमची तयारी असेल, तर जरूर घ्या. ९४० चाच घ्या. दोन पेक्षा एकच घेऊन एकाच जागी महिनोन्‌महिने ठेवा, जागा बदलली की मागच्या महिन्याशी तुलना करता येत नाही. क्लिपा सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, पाचव्या मिनिटाला जागा सगळ्या नवी मुंबईत पसरते आणि रात्री टॉर्च घेऊन लोक जमतात. आम्ही एकदा ती चूक केली. आणि मेलेला पक्षी किंवा प्राणी दिसला तर फोटो काढा, हात लावू नका, कळवा. जानेवारी २०२१ मध्ये आपल्या ठाण्यात मेलेल्या पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला होता, आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याच रोगाने गेले.

पावसाळ्यात याचं रबर किती तग धरतं ते अजून बघायचंय. जूनमध्ये वर पत्र्याचं छोटं छप्पर करून ठेवणार आहे, वॉचमनने पत्रा आणून ठेवलाय. सप्टेंबरात इथेच पुढचं लिहीन. सध्या सेल चार्जिंगला लावलेत, उद्या पहाटे पाच वीसची ओहोटी आहे.